धुक्यावर उपग्रहाची नजर

डिसेंबर-जानेवारीत पंजाबपासून बिहारपर्यंतचा मैदानी प्रदेश दाट धुक्याने वेढला जातो. आगगाड्या खोळंबतात, विमानांचे उड्डाण लांबते, महामार्गांवर अपघात घडतात. धुक्याचा विस्तार रात्रीच समजला, तर वेळीच इशारा देता येतो. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील इन्सॅट उपग्रह या कामी उपयोगी पडतात.

रात्री उष्णतेच्या साध्या चित्रात धुके सहसा ओळखू येत नाही. कारण त्याचे तापमान जमिनीच्या तापमानाइतकेच असते. म्हणून ३.९ आणि १०.८ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त किरणांची दोन चित्रे ताडून पाहतात. २०१३ साली सोडलेल्या इन्सॅट-३डी उपग्रहावर ही दोन्ही चित्रे घेण्याची सोय होती. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदू ३.९ मायक्रॉनचे किरण कमी प्रमाणात बाहेर टाकतात. त्यामुळे त्या चित्रात धुके अधिक थंड भासते आणि दोन्ही चित्रांतील हा फरकच त्याचा ठाव देतो. सूर्योदयानंतर परावर्तित प्रकाशामुळे ही रीत निरुपयोगी ठरते. तेव्हा साध्या प्रकाशातील चित्रात धुक्याची सपाट, रेखीव कडांची पांढरी चादर दिसते.

तथापि उपग्रह ढगाचा वरचा पृष्ठभागच पाहतो. तो थर जमिनीला टेकला आहे की थोडा वर तरंगत आहे, हे त्याला कळत नाही. उंचावरील ढगांखालचे धुकेही त्याच्या नजरेतून सुटते. दृश्यमानता एक हजार मीटरपेक्षा कमी झाली, तरच त्यास धुके म्हणतात. आणि ती जमिनीवरूनच मोजावी लागते. उपग्रहाचे चित्र व वेधशाळेची नोंद यांची सांगड घातली, म्हणजेच इशारा विश्वसनीय ठरतो.