मूठ सुटत नाही आणि दिवसा डोळा लागतो

आपल्या जुनी इंदूरच्या घरांत एखाद्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसला की तो सहसा पुसला जात नाही. कधी कधी हा शिक्का आजारावरच बसतो. म्हणून यावेळी आम्ही मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या दुर्मीळ, अनुवांशिक आजाराबद्दल लिहीत आहोत.

हा मुळात स्नायूंचा आजार. बरणीचं झाकण फिरवल्यावर मूठ पटकन सुटत नाही. पुढे हात, पावलं, मान, चेहरा अशक्त होत जातात. जर्मन डॉक्टर हान्स स्टाइनर्ट यांनी १९०९ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण कारण सापडलं १९९२ मध्ये. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो ३५ वेळांपर्यंत असतो, रुग्णात ५० पासून हजारांपर्यंत. त्यातून तयार होणारा आरएनए पेशीतली गरजेची प्रथिनं अडकवून ठेवतो.

हे मेंदूच्या पेशींतही घडतं. रात्री नीट झोप होऊनही माणूस दिवसा बसल्या बसल्या पेंगतो. कामाला हात घालायची इच्छाच होत नाही, चार कामांची आखणी जमत नाही. त्यात चेहऱ्याचे स्नायू सैल, त्यामुळे याला कशाचं काही वाटतच नाही, असा घरच्यांचा समज होतो. वर्षं सरतात तशी एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात फरक दिसू शकतात आणि विचारांचा वेग मंदावतो. हे सावकाश होतं; अल्झायमरसारखं नव्हे.

पिढ्यांचा हिशेब चटका लावणारा आहे. आजोबांना फक्त लवकर आलेला मोतीबिंदू, मुलाची मूठ अडकते आणि नातवाला शाळेत शिकणंच जड जातं. तुकड्यांची संख्या पुढच्या पिढीत वाढू शकते, म्हणून असं होतं. आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. रक्ताच्या जनुकीय तपासणीत निदान होतं.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण दिवसाच्या झोपेवर औषधं आहेत. रात्री श्वास कमी पडत असेल तर मास्कचं यंत्र लागतं. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून दरवर्षी ईसीजी करावा. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार सांगायलाच हवा. आणि न्यूरॉलॉजिस्टकडे रुग्णाला एकटं पाठवू नका. ‘मला काही त्रास नाही’ असंच तो बहुधा सांगेल. दिवसा किती झोपतो, ते वहिनींनाच ठाऊक असतं.