एका तबकडीवर अनेक कार्यप्रणाली

संगणकाची यंत्रसामग्री आणि तो वापरणारा मनुष्य यांच्यामध्ये उभी असते ती कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज आणि लिनक्स या अशाच दोन प्रणाली होत. तबकडीवर माहिती ठेवण्याची प्रत्येकीची रीत निराळी असते. एकीच्या नोंदी दुसरीला वाचता आल्या नाहीत, तर तिला भरलेली जागाही मोकळी भासेल आणि तेथे ती खुशाल लिहू लागेल. म्हणून एकाच हार्ड डिस्कवर दोघींना नांदवावयाचे असल्यास जागेची वाटणी करावी लागते.

ही वाटणी भिंत घालून होत नाही. बांध न घालता केवळ दप्तरातील नोंदीने शेत वाटून द्यावे, तसा हा प्रकार आहे. आयबीएम कंपनीने १९८३ मध्ये पीसी एक्सटी हा संगणक आणला. त्याची तबकडी १० मेगाबाइटची होती. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे अवघ्या ५१२ बाइटांत, हे दप्तर सामावले होते. त्यांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ ओळखखुणेसाठी राखलेले असत. तक्त्यात १६ बाइटांची एक अशा चार नोंदी मावत. विभाग कोठे सुरू होतो, किती मोठा आहे आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रत्येक नोंद सांगे. ज्या विभागापुढे ‘सक्रिय’ अशी खूण असेल, त्यातील प्रणाली सुरू होई.

या पद्धतीत दोन उणिवा होत्या. सेक्टरचा क्रमांक लिहिण्यास चारच बाइट असल्यामुळे सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपलीकडची जागा तक्त्यात मांडता येत नसे. दुसरी उणीव अधिक घातक होती. दप्तराची प्रत एकच असे. ते ६४ बाइट बिघडले की सारे विभाग दिसेनासे होत. माहिती जागच्या जागी असे; तिचा पत्ता मात्र हरवलेला असे. नंतर आलेल्या जीपीटी पद्धतीने दोन्ही उणिवा दूर केल्या. तीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत तबकडीच्या शेवटी ठेवली जाते आणि नोंदी शाबूत आहेत की नाहीत, हे पडताळण्यासाठी एक बेरीजही लिहिलेली असते. आजच्या एसएसडी साठवणयंत्रात फिरणारी तबकडी नसली, तरी विभागणीची रीत हीच आहे.

जुन्या पद्धतीच्या तबकडीवर लिनक्सनंतर विंडोज बसविल्यास सुरुवातीची आज्ञावली पुसली जाते आणि लिनक्स नाहीसे झाल्याचा भास होतो. त्यामुळे विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा क्रम सोयीचा ठरतो. लिनक्सबरोबर येणारी ग्रबसारखी आज्ञावली मग दोन्ही प्रणालींची यादी पडद्यावर दाखविते आणि निवड वापरणाऱ्यावर सोपविते.

तथापि वाटणी म्हणजे सुरक्षितता नव्हे. तबकडीच निकामी झाली, तर तिच्यावरील सर्व विभाग एकदमच जातात. म्हणूनच सीमा हलविण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या साधनावर काढून ठेवणे अगत्याचे असते.