वाऱ्याला चुकवणारं घर

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा दक्षिण जर्मनीतल्या वाल्डझे गावात एरिख बाखेम नावाच्या अभियंत्याने एक लाकडी रॉकेट-विमान बांधलं. ते खांबाच्या आधाराने सरळ उभं उडायचं. 1 मार्च 1945 ला त्यात पहिल्यांदा माणूस बसला. लोथार सीबर हा तो वैमानिक मिनिटभरात विमानासकट कोसळला आणि गेला. बाखेम पुढे अर्जेंटिनाला गेला, परत आला, आणि 1957 साली त्याच गावच्या हायमर कुटुंबाच्या वर्कशॉपमध्ये शिरला. या वेळी त्याला मोटारीमागे ओढायचं घर हवं होतं. वर्कशॉपवाल्यांचा तरुण मुलगा एर्विन हायमरही इंजिनिअरच होता. दोघांच्या खटपटीतून जे निघालं त्याला बाखेमच्या नावाची पहिली अक्षरं जोडून नाव पडलं: एरिबा.

एरिबाच्या ‘टूरिंग’ घराण्याची ठेवण आजही ओळखू येते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, गोलवलेले कोपरे आणि मधोमध उचलता येणारं छत. मुक्कामाला पोचलं की छत वर ढकलायचं. बाजूचं कापड ताठ होतं आणि माणूस आत उभा राहू शकतो. निघताना खाली ओढून कड्या लावायच्या. तेव्हाच्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन जेमतेम 30 अश्वशक्तीचं होतं. तिच्यामागे काय जोडायचं, हा प्रश्न हौशी माणसाला खिशाइतकाच इंजिनाकडे बघून सोडवावा लागे.

अशा वेळी आपण पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. सपाट रस्त्यावर मात्र चाकांवरचं वजन आपल्याला वाटतं तेवढं छळत नाही. 1,000 किलोचा ट्रेलर सपाटीवर संथ सरकता ठेवायला 10 ते 15 किलोंची ओढ पुरते. अमेरिकेतल्या एअरस्ट्रीम कंपनीने 1947 साली आल्फ्रेड लेतुर्नेर या फ्रेंच सायकलपटूकडून आपलं घर सायकलने ओढवून घेतलं होतं. जाहिरात झकास होती, फसवी नव्हती. फक्त त्या चित्रात चढ नव्हता आणि वेगही नव्हता. सहा टक्के चढ आला की त्याच 1,000 किलोंना आणखी 60 किलोंची ओढ लागते. म्हणजे वजनाचा हिशेब घाटात चुकता होतो. हमरस्त्यावर वसुली करतो तो वारा. ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेलं की वाऱ्याचा रेटा दीडपटीहून जास्त होतो, आणि उंच चौकोनी पेटाऱ्याच्या बाबतीत तो चाकांच्या घर्षणाला केव्हाच मागे टाकतो.

म्हणून ‘उघडणारा ट्रेलर’ या एका नावाखाली दोन निराळ्या काटकसरी आहेत, आणि दुकानदार त्या खुशाल एकत्र मिसळतो. काही ट्रेलरांचे पलंग पुढच्या-मागच्या भिंतीतून बाहेर उघडतात, वर तंबूचं कापड. अमेरिकेत त्यांना हायब्रिड म्हणतात. त्यांनी लांबी वाचते, वजन वाचतं, पण रस्त्यावर ते पुऱ्या उंचीनेच उभे असतात. वाऱ्याला त्यांचं कौतुक नाही. दुसरी जात उंचीच मिटवणारी. ओहायोतल्या हाय-लो कंपनीने घराचा वरचा अर्धा भाग खालच्यावर डब्याच्या झाकणासारखा बसवला आणि तो हायड्रॉलिक दाबाने उचलला. टेनेसीच्या ट्रेलमॅनॉरने शिंपल्यासारखे दोन भाग एकात एक सरकवले. मिटल्यावर ते साधारण मोटारीच्याच उंचीला येतं. ए-लायनरचं छत पत्त्यांच्या घरासारखं दोन बाजूंनी उभं राहतं, भिंती मात्र टणक. तंबूवाले ट्रेलर तर जुनेच. इंडियानातल्या जेको कंपनीची 1968 ची सुरुवातच लॉइड बॉन्ट्रेगर यांच्या शेतावरून आणि त्यांनी काढलेल्या छत उचलण्याच्या यंत्रणेतून झाली.

नुसतं ओढण्याचं गणित मांडलं तर ट्रेलमॅनॉरसारखं पूर्ण मिटणारं घर बाजी मारतं. ते मोटारीच्या सावलीत लपतं, बाजूने ट्रक गेला तरी कमी हेलकावतं, मागचा रस्ताही आरशात दिसतो. तरीही माझं मत एरिबाच्या बाजूने पडतं. पूर्ण मिटणाऱ्या घरात जितके सांधे, तितक्या रबरी पट्ट्या, तितक्या पावसाच्या वाटा. शिवाय वाटेत चहा करायचा म्हटलं तरी आधी सगळं घर उभारायला हवं. एरिबाने तडजोड फक्त डोक्यापाशी केली. बसायला, निजायला, भांडी ठेवायला उंची लागत नाही. ती लागते उभं राहिल्यावर, आणि धावत्या ट्रेलरात उभं राहायचं नसतंच. साधारण 2 मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच घराचा समोरचा चौकोन, 2.3 गुणिले 2.6 मीटरच्या नेहमीच्या घरापेक्षा पाव हिश्शाने लहान पडतो. रुंदी कमी ठेवण्याचा फायदा यात जवळपास छताच्या फायद्याइतकाच आहे, पण छत उघडताना दिसतं म्हणून नाव त्याचंच होतं.

आकार कितीही चांगला असला तरी भरण्यात चूक झाली की सगळं मुसळ केरात. आपल्याकडचा गाडीवान हे शिकवायला पुरेसा आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, फार पुढे आला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलर थोडा धुरजडच हवा. अमेरिकी लोक एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवतात. युरोपीय मोटारींच्या हुकाला बऱ्याचदा 75 ते 100 किलोंचीच परवानगी असल्याने तिथे हात आखडता. उलाळ ट्रेलर उतारावर शेपटासारखा डुलू लागला की ब्रेक दाबणाऱ्याचीही शुद्ध हरपते. पाण्याची टाकी, डबाबंद खाणं असलं जड सामान चाकाच्या आसाजवळ आणि जमिनीलगत रचायचं, हे म्हणूनच.

विजेच्या मोटारी आल्यावर हा जुना हिशेब पुन्हा उघडला. उंच पेटारा मागे जोडला की एका चार्जचं अंतर निम्म्यावर येणं नवलाचं नाही. पेट्रोलच्या टाकीत जी उधळपट्टी कोणी मोजत नसे, ती आता पडद्यावर टक्क्यांत दिसते. त्यामुळे बुटक्या, अरुंद, गोल नाकाच्या घरांकडे लोक पुन्हा वळून बघताहेत.

एरिबाचाही त्रास आहेच. पावसात मिटलेलं छताचं कापड घरी जाऊन पुन्हा उघडून वाळवावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. बाखेम 1960 साली वारला. वाऱ्याशी त्याने दोनदा झटापट केली. दुसऱ्या खेपेला जे हाती लागलं, त्यात अजूनही कुणी ना कुणी संध्याकाळी छत वर ढकलून चहाचं आधण ठेवतं.