किरकोळ गुन्ह्याची नोंद आणि परिचारिकेची नोकरी

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुका वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या परिसरात वसलेला असून धानशेती हाच तेथील बहुतेक कुटुंबांचा आधार असल्यामुळे, बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करणे हा शेतकऱ्यांच्या मुलींसाठी महिन्याच्या पगारापर्यंत पोहोचण्याचा एक भरवशाचा मार्ग मानला जातो. अभ्यासक्रम संपला की मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका, शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिका, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पद किंवा वडसा, ब्रह्मपुरी, नागपूर येथील खासगी दवाखाने असे पर्याय खुले होतात. मात्र शासकीय निवड यादीत नाव लागल्यानंतरही एक टप्पा शिल्लक असतो. उमेदवाराला साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो, म्हणजेच आपल्याला कधी अटक झाली होती काय, आपल्यावर खटला चालला होता काय, दंड किंवा शिक्षा झाली होती काय, या प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावी लागतात, आणि त्या उत्तरांवरून पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी होते.

या नमुन्यापुढे अडखळणाऱ्या मुलींपैकी अनेकींचा गुन्हेगारीशी दुरूनही संबंध नसतो, आणि ही बाब विचारात घेतल्याशिवाय प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही. धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत बांधीतील पाण्यावरून किंवा दोन शेतांमधील धुऱ्यावरून भाऊबंदांत वाद होतात, शब्दाने शब्द वाढून हातघाईवर प्रकरण येते, आणि दोन्ही बाजू पोलीस ठाण्यात जाऊन परस्परांच्या घरातील सगळ्यांची नावे तक्रारीत घालतात. सुटीत घरी आलेली, भांडण सोडवायला धावलेली मुलगीही अशा वेळी आरोपी क्रमांक चार किंवा पाच होते. अशा प्रकरणांत जुन्या भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४ आणि ५०६ ही कलमे, म्हणजे साधी दुखापत, अपमान आणि धमकी, हमखास लागत असत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा अनुक्रमे ११५(२), ३५२ आणि ३५१ या कलमांनी घेतली आहे. यांपैकी साधी दुखापत आणि अपमान हे अदखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. लोक ज्याला ‘एनसी’ म्हणतात ती हीच नोंद होय, आणि केवळ अशी नोंद असणे म्हणजे खटला चालणे नव्हे, मग शिक्षा होणे तर दूरच.

खटला उभा राहिला तर तो कोणत्या रीतीने संपतो, यावर परिचारिकेचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते, आणि नेमकी हीच गोष्ट तिला वेळेवर कोणी समजावून सांगत नाही. तारखांना कंटाळलेल्या कुटुंबाला न्यायालयाच्या आवारात बहुधा एकच सल्ला मिळतो: गुन्हा कबूल करा, पाच-सातशे रुपये दंड भरा आणि मोकळे व्हा. शेतीची कामे खोळंबलेली असताना हा सल्ला सोयीचा वाटतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी असते आणि ती रक्कम कितीही क्षुल्लक असली तरी साक्षांकन नमुन्यातील शिक्षेच्या प्रश्नाला त्या दिवसापासून ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागते. याउलट फिर्यादी आणि आरोपी यांनी आपसात तडजोड करून ती न्यायालयापुढे नोंदवली, तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो, अशी स्पष्ट तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती आणि ती आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये कायम आहे. दोन्ही मार्गांनी प्रकरण एकाच दिवसात निकाली निघू शकते, दोन्ही मार्ग लोक अदालतीच्या दिवशी अनुसरले जातात आणि घरी परतणाऱ्या कुटुंबाला त्यांत काही फरक जाणवत नाही; फरक जाणवतो तो चार वर्षांनी, निवड यादीत नाव लागल्यावर. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्यास पात्र असते. तेव्हा कबुलीजबाब देण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून वकील मागणे हे या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाचे पाऊल म्हणावे लागेल. भांडणात विळा किंवा कुऱ्हाड निघाल्याने हत्याराने दुखापतीचे कलम लागले असेल, तर मात्र खालच्या न्यायालयातील तडजोडीचा मार्ग उरत नाही आणि समेट झाला असला तरी गुन्हा रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागते.

जिची दोषसिद्धी होऊन गेली आहे, तिच्यासाठीही दार बंद होत नाही. ते बंद होते बहुतेक वेळा माहिती दडवल्यामुळे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयावरील परस्परविरोधी निवाड्यांचा मेळ घालून काही तत्त्वे ठरवून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे. तथापि तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखा किंवा तत्सम किरकोळ गुन्हा दडवला गेला असेल, तर नियुक्ती अधिकारी आपल्या विवेकाने तो दोष माफ करू शकतो. नमुन्यात जे नेमकेपणाने विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर असते आणि मोघम प्रश्नाच्या आधारे तिला दोषी ठरवता येत नाही, हेही त्या निकालात नमूद आहे. त्याच वेळी, खरी माहिती दिल्याने नोकरीचा हक्क आपोआप प्राप्त होत नाही, पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच, हेही न्यायालयाने सांगितले, आणि उमेदवारांनी ते विसरू नये. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, तरुणपणी घडलेल्या मारहाणीचा खटला तडजोडीने संपलेला असताना त्याची माहिती न दिल्याबद्दल रद्द झालेली निवड अयोग्य ठरवणारा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता. पोलीस खात्यासारख्या शिस्तीच्या दलात जर ही सवलत मिळू शकते, तर धुऱ्यावरच्या भांडणापायी एका परिचारिकेला रुग्णसेवेपासून दूर ठेवणे न्याय्य ठरवणे कठीण आहे.

गुन्ह्याचा कामाशी संबंध काय, हा येथे विचारण्याजोगा खरा प्रश्न आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालकांचा मृत्यू झाला आणि पुढे परिचारिकांवरही गुन्हा नोंदवला गेला. अशा आरोपाचा थेट संबंध कर्तव्याशी असल्यामुळे तो सिद्ध होतो की नाही, हे नियोक्त्याने पाहणे रास्त आहे. औषधांची चोरी, रुग्णाची फसवणूक किंवा लहान मुलांवरील अत्याचार यांबाबतही तसेच म्हणता येईल. शेतातील बाचाबाची मात्र या पंक्तीत बसत नाही.

अठरा वर्षांखालील मुलींबाबत कायदा अधिक उदार आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार बालवयातील दोषसिद्धीमुळे सर्वसाधारणपणे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करण्यास पोलिसांना मनाई आहे. प्रौढांसाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आहे, ज्यानुसार न्यायालय दोषी व्यक्तीला तुरुंगाऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. त्या कायद्याचे कलम १२ दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता दूर करते, मात्र मूळ दोषसिद्धी पुसून टाकत नाही. काही वर्षे उलटल्यावर जुनी शिक्षा संपुष्टात आल्याचे मानणारा ब्रिटनच्या १९७४ च्या पुनर्वसन कायद्यासारखा सर्वसाधारण कायदा भारतात नाही, आणि तेथेही परिचर्येसारखे व्यवसाय त्या सवलतीतून बऱ्याच अंशी वगळलेले आहेत. त्यामुळे परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेने जुना खटला परदेशात कोणी विचारणार नाही, असे गृहीत धरू नये.

म्हणून अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षातच, जाहिरात निघण्याची वाट न पाहता, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचा शोध घ्यावा आणि निकाली प्रकरण सापडल्यास न्यायालयात नकलेसाठी अर्ज करून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. तपास करून पोलिसांनी ‘बी’ किंवा ‘सी’ समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा किंवा गैरसमजातून झाल्याचा अंतिम अहवाल दिला असेल, तर तो दंडाधिकाऱ्याने स्वीकारल्याच्या आदेशाची प्रत घ्यावी. साक्षांकन नमुन्यात गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालयाचे नाव आणि निकालाची तारीख स्वच्छ लिहून ही प्रत सोबत जोडली, तर चारित्र्य पडताळणीच्या अहवालात अधिकाऱ्याला तीच माहिती दिसते जी उमेदवाराने आधीच स्वतःहून दिलेली असते. आणि तरीही निवड नाकारली गेली, तर कारणे लेखी मागून शासकीय पदासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे, तर जिल्हा परिषदेच्या पदासाठी उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते.