दहावीत एक-दोन विषय राहिले? वर्ष वाचतं, पण फॉर्मची तारीख हुकवू नका

दहावीच्या निकालात पोरगं नापास निघालं की बऱ्याच घरांत शिक्षणाचा विषय तिथंच संपतो. पोरगा दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरवर, आणि पोरगीसाठी स्थळं बघायला सुरुवात. खरं तर एक किंवा दोनच विषय राहिले असतील तर राज्य मंडळाच्या नियमाप्रमाणे त्याच वर्षी अकरावीला प्रवेश मिळतो. यालाच एटीकेटी म्हणतात.

हा प्रवेश तात्पुरता असतो. अकरावी शिकता शिकता दहावीचे राहिलेले विषय काढायचे. पहिली संधी निकालानंतर जून-जुलैच्या सुमारास होणारी पुरवणी परीक्षा. ती गेली तर फेब्रुवारी-मार्चची मुख्य परीक्षा. तरीही विषय निघाला नाही तर बारावीत जाता येत नाही. पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, फक्त राहिलेल्याच विषयांचा पेपर. तीन किंवा जास्त विषय राहिले तर एटीकेटी नाही, पण पुरवणी परीक्षा त्यांनाही देता येते.

घोळ होतो तो फॉर्मपाशी. पुरवणीचा फॉर्म ऑनलाइन असला तरी तो आपल्या शाळेमार्फतच भरायचा असतो. निकालानंतर थोड्याच दिवसांत तारखा येतात आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. इकडे पेरणीची घाई, बी-बियाण्याची पळापळ. शाळेतून निरोप येईल म्हणून घरचे थांबतात आणि तारीख निघून जाते. पुढे विलंब शुल्काची मुदत असते, तीही संपते. म्हणून निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना किंवा क्लार्कला फोन लावावा.

दुसरा गैरसमज १७ नंबर फॉर्मचा. तो शाळा सोडलेल्यांना बाहेरून परीक्षा देण्यासाठी असतो. नापास विद्यार्थ्याला त्याची गरज नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर आधी शाळेत विचारावं. पेपर तपासणीवर शंका असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मात्र त्याच्या निकालाची वाट बघत पुरवणीचा फॉर्म अडवून ठेवू नये.

राहतात ते बहुधा गणित नाहीतर इंग्रजी. गणिताचे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत गुण, म्हणजे शंभरात ३५ मिळवायचे. महिनाभर रोज दोन तास जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या तर हे अवघड नाही. तेवढा महिना पोराला शेतातून मोकळं सोडावं, एखादा गडी जास्त लागला तरी चालेल.

एवढं करूनही जमलं नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस आहे. तिथं आधी पास झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण धरले जातात, बाकीचे विषय द्यावे लागतात. आयटीआयच्या काही ट्रेडना तर दहावी नापासही चालतो.

फॉर्म भरला की पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. हॉलतिकीट शाळेतूनच मिळतं.