तोटा कोणाच्या माथी? सोलापूरच्या रेल्वेपासून टोलनाक्यापर्यंत

मंडळी, रस्ता, रेल्वे, वीज यांत खासगी पैसा आला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारकडे पैसा नाही, येऊ द्या. दुसरा म्हणतो, ही लूट आहे. आपण आज एवढंच विचारू : हिशेब चुकला, तर तोटा कोणी सोसायचा?

सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. आणली जीआयपी कंपनीने, विलायतेतल्या भागधारकांच्या पैशावर. पण १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने त्या भांडवलावर ५ टक्क्यांची हमी दिलेली होती, शिवाय जमीन फुकट. कमाई तेवढी झाली नाही तर उरलेली रक्कम द्यायची हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे मोहोळ-माढ्याच्या ज्या शेतकऱ्याने आगगाडीत कधी पाय ठेवला नाही, त्याच्याही साऱ्यातून! भांडवल खासगी आणि जोखीम रयतेची. परतावा आधीच ठरला, मग काटकसर करायची कोणी आणि कशासाठी? हमीच्या रेल्वेमार्गांचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, तो काही योगायोग नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे बघा. तीही लंडनच्या खासगी कंपनीची, १८९७ मध्ये सुरू झालेली. पण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याचा सगळा ध्यासच असा, की कमी पैशात रेल्वे कशी चालेल. अडीच फुटांचा रूळमार्ग, आणि भार सगळ्या चाकांवर असा वाटलेला की हलक्या रुळांवरही भागावं. जुनी मंडळी तिला प्रेमाने 'बार्शी लाइट'च म्हणत. १९५४ मध्ये ती सरकारने विकत घेतली. तेव्हा खासगी म्हटलं की उधळपट्टीच, असंही नाही.

हमीची गोष्ट मात्र स्वातंत्र्यानंतर संपली असं समजू नका. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पात वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार द्यायचाच होता, तोही डॉलरशी बांधलेला. वर राज्याची हमी, आणि तिच्यामागे केंद्राची. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. दीडशे वर्षांनी तोच करार, फक्त कागद नवा.

आता पुणे-सोलापूर रस्ता. तो झाला 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने. वरवडे, सावळेश्वरच्या नाक्यांवर आपण टोल भरतो. इथे वाहनं कमी धावली तर फटका कंपनीला. हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण वाहनं किती येतील हे कंपनीच्या हातात असतं का? शेजारून दुसरा रस्ता सरकारच काढतं, डिझेलवर कर सरकारच लावतं. म्हणून २०१६ पासूनच्या 'हायब्रीड अॅन्युइटी'त बांधकामाचा ४० टक्के खर्च सरकार देतं, उरलेला ठेकेदार घालतो आणि हप्त्याहप्त्याने परत घेतो. वाहनांची जोखीम सरकारकडे, वेळेत आणि नीट बांधण्याची ठेकेदाराकडे.

आम्हाला ही वाटणी जास्त पटते. जी जोखीम ज्याच्या हातात, ती त्याने उचलावी. भूसंपादन रखडलं तर ठेकेदाराला दंड करून काय उपयोग? आणि डांबर उखडलं तर त्याचा बोजा करदात्यावर का?

अडचण अशी, की नाक्यावरच्या फलकावर दर असतात, सवलती असतात, ही वाटणी मात्र नसते. ती असते शेकडो पानांच्या इंग्रजी करारनाम्यात. माहिती अधिकारात तो मागता येतो. मागणारे किती, ते तुम्हीच सांगा.