पुढे काय? उत्तर कृष्णाकाठी आहे!

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्याआधी तीनच वर्षं, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने तहानलेल्या लातूरला पाणी पाठवलं होतं. आणि शेजारीच माण, जत, आटपाडी दुष्काळी तालुके म्हणून ओळखले जातात. पूर आणि टंचाई, दोन्ही घरचीच. त्यामुळे ‘एन्व्हायर्न्मेंट करून पुढे काय?’ असं काकांनी विचारलं, तर बिनधास्त कृष्णेकडे बोट दाखवा!

पण कॉलेज शोधण्याआधी एक ठरवा. तुम्हाला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र डिझाइन करायचंय, की पूररेषेतल्या बांधकामाचे नियम ठरवायचेत? पहिलं काम इंजिनीअरचं, दुसरं धोरण आखणाऱ्याचं.

इंजिनीअरिंगची मळलेली वाट म्हणजे आधी सिव्हिल, मग पर्यावरणात एम.टेक. सिव्हिलसाठी कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि सांगलीचं वालचंद (१९४७) ही दोन जुनी नावं घराजवळच आहेत. वालचंदमध्ये पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.टेक.ही आहे. ‘गेट’ चांगली गेली, तर आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभागही आहेच. धोरणाकडे जायचं असेल, तर पदवीनंतर मुंबईची ‘टिस’ किंवा आयआयटीचं धोरण अभ्यास केंद्र बघा. मात्र आकडेमोडीचा कंटाळा म्हणून तिकडे वळू नका. पावसाची आणि विसर्गाची आकडेवारी तिथेही वाचावीच लागते.

कॉलेज बघायला गेलात, की फक्त कॅम्पस आणि पॅकेज बघून परतू नका. लॅबमध्ये जा. पाण्याची बीओडी चाचणी मुलं स्वतः करतात, की जर्नलमध्ये नुसती उतरवून काढतात? शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट साखर कारखान्याच्या, नगरपालिकेच्या खऱ्या प्रश्नांवर असतात का? हे प्राध्यापकांना विचाराच, पण सीनियर्सना आधी विचारा.

ब्रँचचं नाव नवं आणि झकास वाटत असेल, तर सरकारी भरतीच्या जुन्या जाहिराती काढून वाचा. ती पदवी तिथे चालते का, हे प्रवेशाआधीच कळलेलं बरं. आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म मित्राचा बघून भरू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, की जागा तिथेच पक्की होते.

कराड आणि सांगली एसटीने एका दिवसात बघून होतं. फॉर्म भरायच्या आधी एक चक्कर माराच.